दुसरा किनारा दाखवा

गाडीत, निघताना

वाक्य साधं आहे. ‘बाबा, हिला नाट्यगृहात नोकरी मिळाली आहे आणि आम्ही दोघं तिकडे राहायला जातोय.’ एवढंच. एका दमात बोलून होतं. मी ते दात घासताना बोलून पाहिलंय. तोंडात फेस असला तरी नीट कळतं.

पण हे वाक्य मी बोलायचं नाही. माझ्या नवऱ्याने बोलायचं आहे. “माझे वडील आहेत, मीच सांगतो,” असं तो म्हणाला. दुकानात सांगतो म्हणाला, तर दुकानात गिऱ्हाईक होतं. घरी सांगतो म्हणाला, तर बाबांचं पोट बिघडलं होतं. मग म्हणाला, “आपण सुट्टीला समुद्रावर जातोय ना? तिथे सांगतो. समुद्रावर माणूस मोकळा असतो. एकदा छान वाळूत बसलो की सांगून टाकतो.”

उद्या दुपारपर्यंत मला नाट्यगृहाला हो किंवा नाही कळवायचं आहे. सुट्टीचे आधीचे दिवस प्रवासाने आणि सासूबाईंच्या डोकेदुखीने खाल्ले. उरला आजचा दिवस. तेव्हा आज आम्हाला बसायचं आहे. वाळूत. कुठल्याही.

तोपर्यंत, आम्ही कोण

आमचं पडद्यांचं दुकान आहे. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, शून्यातून उभं केलेलं. बाबा बाजारातून कापड आणतात. नवरा काउंटर सांभाळतो. आई, म्हणजे सासूबाई, मागच्या खोलीत शिवणाऱ्या बायकांवर नजर ठेवतात आणि त्या बायकांची भांडणं मिटवतात, किंवा लावतात, दिवस पाहून. मी घरोघरी जाऊन खिडक्यांची मापं घेते. गल्लीत मला मापवाली म्हणतात. लोक फोनवर सांगतात, “मापवालीला पाठवा, खिडकी वाकडी आहे.” सगळ्यांच्याच खिडक्या वाकड्या असतात.

दूरच्या शहरातल्या एका नाट्यगृहाचा मुख्य पडदा जीर्ण झाला होता. मोठं काम म्हणून बाबांनीच मला माप घ्यायला पाठवलं. शिडीवर चढले, टेप सोडली, खाली अंधारात रिकाम्या खुर्च्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा असा पडदा, ज्याच्या मागे कोणाचं न आवरलेलं अंथरूण नव्हतं. खाली उतरले तर तिथल्या व्यवस्थापक बाई म्हणाल्या, “आमच्या पडद्यांचं सगळं खातंच तुम्ही सांभाळता का? मोठे पडदे, बाजूचे पडदे, रंगवलेले पडदे, सगळे.”

मी मनात तिथेच हो म्हणाले. तोंडाने म्हणाले, “घरी विचारून सांगते.” सगळं त्या वाक्याने बिघडलं.

पहिला किनारा

गाडी वळणावरून उतरली आणि समोर किनारा. काय सांगू? वाळू चाळून ठेवल्यासारखी. नारळाच्या झाडांची सावली थेट पाण्याजवळ पोचलेली. पाणी उथळ, पायाशी येऊन शहाण्यासारखं परत जाणारं. माणसं मोजकी. बसायला वेताच्या खुर्च्या, त्याही रिकाम्या.

नवरा माझ्याकडे बघून हसला. म्हणजे इथे सांगणार. मी चटई काढली, झटकली.

बाबा गाडीतून उतरले. चपला काढल्या नाहीत. खाली वाकून चिमूटभर वाळू उचलली, अंगठा आणि बोट यांच्यामध्ये चोळली, उजेडाकडे धरून बघितली आणि सोडून दिली. मग हात मागे बांधून पाण्याकडे एक नजर, झाडांकडे एक नजर.

“छान आहे,” ते ड्रायव्हरला म्हणाले. “दुसरा दाखवा.”

“काका, हाच तर सगळ्यात—”

“असेल. दुसरा दाखवा.”

मी हातातली चटई तशीच धरून उभी. मला कळायला हवं होतं. कापड बाजारात बाबा पहिला तागा कधीच घेत नाहीत. व्यापारी पहिला तागा टाकतो तो त्याला खपवायचा असतो म्हणून, हे त्यांचं ठाम मत आहे. पहिला बघायचा, मान डोलवायची, ‘दुसरा दाखवा’ म्हणायचं. दुकानात तीस वर्षं हे चाललं आणि दुकान चाललं, त्यामुळे हे आता सगळीकडे चालतं. पहिला डॉक्टर नाही. पहिली रिक्षा नाही. हॉटेलात पहिली खोली नाही. आल्या दिवशी आम्ही सामान घेऊन तीन मजले चढलो आणि शेवटी जिन्याखालची खोली मिळाली. आईसुद्धा त्यांनी पाहिलेलं पहिलं स्थळ नव्हत्या, हे त्या स्वतः अभिमानाने सांगतात. मला मात्र नवऱ्याने परस्पर आणलं. बाबांना ‘दुसरी दाखव’ म्हणायची संधीच मिळाली नाही. ती खंत अजून त्यांच्या डोळ्यांत कधीकधी दिसते.

“बाबा, इथे बसू या ना थोडं,” मी म्हणाले.

“बसायचंच आहे गं. बघून बसू.”

नवऱ्याने माझ्या हातातून चटई घेतली, गुंडाळली आणि परत माझ्या हातात दिली. निमूट. इतकी व्यवस्थित गुंडाळली की मला रडू आलं.

दुसरा

वाळू जाड. बाबांनी चोळली, बोटं झाडली. “पोत नाही.”

आई म्हणाल्या, “माझं काय, मी कुठेही बसते.” मग इथे ऊन डोळ्यांवर येतं म्हणाल्या. तिथे खेकड्यांची बिळं आहेत. त्या दगडावर कोणीतरी ओल्या अंगाने बसून गेलंय. उभ्याच राहिल्या, पर्स पोटाशी धरून, बस यायची असल्यासारख्या.

नवरा: “इथे नको सांगायला. आई उभी आहे.”

गाडीत, एकाच सीटवर शेजारी शेजारी बसून, फोनवर

*सांग ना आता.*

*आता? गाडीत?*

*गाडीत काय वाईट आहे?*

*बाबा पुढे बसलेत. त्यांच्या डोक्याच्या मागे बोलू का?*

*म्हणजे काय?*

*म्हणजे तोंड दिसायला नको का त्यांचं*

*महिनाभर तोंड दिसतंय तुला.*

*तू चिडलीस*

*मी चिडले नाहीये.*

*मग टिंबं का देतेस वाक्याच्या शेवटी? तू चिडल्यावरच टिंब देतेस*

*.*

*हे बघ*

आई मध्ये वाकून म्हणाल्या, “एवढं काय लिहिताय दोघं? शेजारी तर बसलायत. बोला की.”

ड्रायव्हर

ह्या माणसाबद्दल सांगायलाच हवं, कारण त्याने माझं निम्मं डोकं खाल्लं. ड्रायव्हरला शांतता सोसत नाही. प्रत्येक किनाऱ्याच्या आधी तो त्या किनाऱ्याची जाहिरात करतो. इथे म्हणे पाणी निळं आहे. पुढच्या ठिकाणी म्हणे जास्त निळं आहे. त्याच्या पुढच्या ठिकाणी ते इतकं निळं आहे की परदेशी माणसं चक्कर येऊन पडतात.

आणि बाबा त्याला उत्तेजन देतात. बाबांना असा माणूस आवडतो. बाजारातला व्यापारी आणि हा ड्रायव्हर ह्यांच्यात त्यांना काही फरक वाटत नसावा.

“ड्रायव्हरसाहेब, खरं सांगा. तुम्ही तुमच्या बायकोला कुठे नेता?”

“मी? मी नाही जात, काका. तिला वाळू चावते.”

“बघा,” बाबा मागे वळून आम्हाला म्हणाले, जणू काही सिद्ध झालं.

तिसरा

तिसऱ्या ठिकाणी किनारा नव्हताच. कडा होता. खाली खूप खोल पाणी आणि वर खूप माणसं, प्रत्येक जण हात लांब करून स्वतःचा फोटो काढणारा. वारा असा की आईंची ओढणी त्यांच्या तोंडावर चिकटली आणि त्या आतून काहीतरी बोलत राहिल्या.

“इथे सगळे येतात, काका. सगळे इथेच फोटो काढतात.”

“सगळे काढतात म्हणजे काय?” बाबा म्हणाले. “सगळ्यांच्या घरी तेच पडदे. चला.”

जाता जाता नवऱ्याने माझा फोटो काढला. त्यात मी ओरडतेय असं दिसतं. मी ओरडत नव्हते, वाऱ्यामुळे तसं दिसतं, असं मी तेव्हा सांगितलं.

न बोलण्याची कारणं, त्याने माझ्या कानात सांगितलेली

इथे गर्दी आहे.

इथे कोणीच नाही, फार गंभीर वाटेल.

बाबांना भूक लागलीय.

बाबांनी आताच खाल्लंय, सुस्तावलेत.

बाबा आनंदात आहेत, कशाला विरजण घालायचं.

बाबा वैतागलेत, आत्ता नको.

तू अशी माझ्याकडे बघत राहिलीस तर मला सुचणार कसं?

मध्येच, चहाच्या टपरीवर

टपरीच्या मागे हात धुवायला गेले, तर आई आधीच तिथे. रुमाल ओला करून मानेवर ठेवत होत्या.

“काय झालंय?” त्यांनी विचारलं.

“कुठे काय?”

“सकाळपासून तू चटई पोटाशी धरून फिरतेयस. मी तीस वर्षं शिवणाऱ्या बायका सांभाळल्यात. बाई अशी सामान धरून फिरायला लागली की एक तर ती सोडून चाललेली असते, नाही तर तिला दिवस गेलेले असतात.”

मी हाताला साबण चोळत राहिले.

“दिवस गेलेत?”

“नाही हो!”

“मग?” असं म्हणून त्या थांबल्या. रुमाल पिळला. “बरं. ज्याने सांगायचं तो सांगेल. मला काही विचारू नका. मला पोटात ठेवता येत नाही, तुला माहीत आहे.”

आणि गेल्या. माझ्या हाताला साबण तसाच. नळाचं पाणी गेलेलं.

चौथा

बसलो.

खरंच बसलो. चौथ्या किनाऱ्यावर बाबा दमले. त्यांनी वाळू चोळली, काहीच बोलले नाहीत आणि मट्‌कन खाली बसले. मी विजेच्या वेगाने चटई पसरली. चारी कोपऱ्यांवर चार चपला ठेवल्या. आईंना बसवलं. ड्रायव्हर गाडीतच राहिला; त्याला मी बिस्किटांचा अख्खा पुडा दिला होता, तोंड गुंतलेलं राहावं म्हणून.

किनारा यथातथाच होता. पाण्याच्या कडेला शेवाळ. दूर दोन बोटी उलट्या घालून ठेवलेल्या. पण आम्ही बसलो होतो. वारा मंद होता. बाबांनी पाय लांब केले, पायाची बोटं हलवली, डोळे मिटले आणि म्हणाले, “हं. बरं वाटतंय.”

ह्याहून जास्त मोकळा माणूस मी पाहिलेला नाही.

मी नवऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लावला. त्याने घसा साफ केला. परत साफ केला. आई समुद्राकडे बघायला लागल्या, म्हणजे पूर्ण कान इकडे.

“बाबा.”

“हं.”

“एक बोलायचं होतं.”

“बोल की.”

लाट आली, गेली. दुसरी आली. मला त्याची मान दिसत होती, त्या मानेवर घाम, घामावर वाळूचा एक कण. मी त्या कणाकडे बघत होते. बोल. बोल. बोल रे बाबा.

“ते,” माझा नवरा म्हणाला, “शहाळं घेणार का तुम्ही?”

ह्या ठिकाणी मी काय केलं

काही नाही. उठले. पाण्यापर्यंत गेले. परत आले. मध्ये शेवाळावरून घसरले, पडले नाही. एका उलट्या बोटीला लाथ मारली. बोट लाकडाची होती. परत आले तेव्हा तिघं शहाळं पीत होते आणि माझ्यासाठी एक ठेवलं होतं, त्यात नळी खोचलेली. नवऱ्याने ते दोन्ही हातांनी माझ्यापुढे केलं. चेहरा असा, की माणसाला धड मारताही येऊ नये.

“पायाला काय झालं?” आईंनी विचारलं.

“बोट लागली.”

“आं?”

“बोट. बोट.”

शहाळं फिकं होतं.

आणि मग बाबा म्हणाले

“पहिलाच चांगला होता.”

आईंनी तोंडातली नळी काढली. दूर गाडीत ड्रायव्हरसुद्धा बिस्किट चावायचा थांबला असावा.

“मी विचार करत होतो,” बाबा म्हणाले. “पोत, सावली, पाणी, सगळं पाहता पहिला सरस. चला. तिथे जाऊन निवांत बसू.”

“आता बसलोय की आपण,” मी म्हणाले. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

“हे काय बसणं? चल, ऊठ. सोन्या, चटई उचल.”

सोन्या म्हणजे माझा नवरा. मिशा असलेला, दाढीत पांढरा केस दिसायला लागलेला सोन्या. सोन्याने चटई उचलली.

गाडीत त्याने माझा हात धरला आणि हळूच म्हणाला, “चांगलंच झालं. ती जागा खरंच छान आहे. तिथे सांगतो. आईशप्पथ.”

आईंनी खिडकीतून बाहेर बघत विचारलं, “माझी शप्पथ कशाला?”

पहिला, दुसऱ्यांदा

पहिला किनारा तिथे नव्हता.

म्हणजे नारळाची झाडं होती. वेताच्या खुर्च्या होत्या, कोणीतरी त्या उचलून वर ओट्यावर एकात एक ठेवलेल्या. खाली उतरणाऱ्या दगडी पायऱ्या होत्या. पण पायऱ्यांच्या खाली जिथे वाळू होती, तिथे पाणी होतं. झाडांच्या बुंध्यांपर्यंत. सकाळी शहाण्यासारखं वागणारं पाणी आता पायऱ्यांवर थपडा मारत होतं.

“भरती, काका,” ड्रायव्हर म्हणाला. “इथे सकाळीच बसायचं असतं.”

“हे तुम्ही आधी नाही सांगितलं.”

“तुम्ही दुसरा दाखवा म्हणालात.”

बाबा वरच्या पायरीवर उभे राहिले. हात मागे बांधलेले. गुदामात पाणी शिरल्यावर माणूस दारात उभा राहतो तसे. आई त्यांच्या शेजारी. मी दोन पायऱ्या खाली. नवरा माझ्या मागे, चटई काखेत.

तो म्हणाला, “जाऊ दे आता. आपण उद्या सकाळी लवकर निघू. तेव्हा—”

मला वाटतं, त्याने ‘उद्या’ म्हटलं नसतं तर मी अजूनही गप्प बसले असते. सवय वाईट असते.

“बाबा,” मी म्हणाले. लाटेचा आवाज मोठा होता, म्हणून ओरडूनच म्हणाले. “मला त्या नाट्यगृहात नोकरी मिळालीय. पडद्यांचं सगळं खातं. आम्ही दोघं तिकडे राहायला जातोय.”

एक लाट फुटली. माझ्या सलवारीचे पाय भिजले.

बाबांनी मान वळवली. “कुठलं नाट्यगृह? ज्याच्या मापाला मी तुला पाठवलं ते?”

“हो.”

“मीच पाठवलं.”

“हो.”

“त्यांनी माप घ्यायला बोलावलं आणि मापवालीच ठेवून घेतली!” ते आईंकडे वळले. “बघितलंस? ह्याला व्यापार म्हणतात.”

आई म्हणाल्या, “मला वाटलंच होतं. नळापाशी.”

“खिडक्यांना कोण जाणार आता?” बाबा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा खाली गेला. “तुझ्यासारखं माप... त्या पलीकडच्या इमारतीतली ती बाई तर दुसऱ्या कोणाला घरातच घेत नाही.”

“मी कोणाला तरी शिकवून जाईन.”

“शिकवून येत नाही ते.” मी तयारीत होते. ओरडतील, अबोला धरतील, छातीवर हात ठेवतील, ह्या सगळ्याची उत्तरं माझ्याकडे तयार होती. ते म्हणाले, “मुख्य पडदा कशाचा आहे?”

“मखमल.”

“जड?”

“खूप. खाली शिवणीत साखळी घालतात, वजनाला.”

“आणि मखमलीची लव? वरच्या दिशेला ठेवतात की खालच्या?”

“वर. रंग गडद दिसतो.”

“दिसणारच.” बाबांनी मान डोलवली. “आणि अस्तर? का बिनअस्तराचा?”

“अहो,” आई म्हणाल्या, “सून घर सोडून चाललीय आणि तुम्ही अस्तर काय विचारताय?”

“घर कुठे सोडतेय? कामाला चाललीय. मला कोणी सांगितलं नाही हे वाईट आहे. मी काय भूत होतो घरात?” आता मात्र ते तापले. “कधी कळलं तुला? आणि सगळे मूग गिळून बसलायत! मी काय खातो माणसांना?”

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल असं मला वाटलं होतं. डोक्यावरचं ओझं उतरलं, वडील रागावले पण मोडले नाहीत, आता हसेल.

तो हसत नव्हता. काखेतली चटई सरळ करत होता. ती सरळच होती.

बाबांनीही तिकडे बघितलं. “दोघं जाताय म्हणालीस ना? काय रे सोन्या? तूही चाललायस?”

“म्हणजे... तसं अजून...”

“तसं अजून काय?”

“मी म्हटलं, एकदा जाऊन बघून यावं. शहर कसं आहे. आणि इकडचंही बघावं, दुकानाचं. लगेच काय ठरवायचं?”

मी म्हणाले, “तू महिनाभर बाबांना सांगायला घाबरत होतास ना?”

“घाबरत असं नाही.”

“मग?”

लाट. परत लाट. आई एक पायरी खाली उतरल्या. “अरे राजा, सरळ विचारते. तुला जायचंय का तिच्याबरोबर?”

“मी नाही कुठे म्हणालो?”

“हो म्हणालास का?”

त्याने चटई एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

पायरीवर

हे मला आधी दिसायला हवं होतं. मापं घेणारी बाई मी. भिंत वाकडी आहे का खिडकी, हे मला लांबून कळतं. आणि महिनाभर मला वाटत राहिलं की बाबा मोठे अवघड आहेत, त्यांना जपून सांगायला हवं, त्यांचा मूड, त्यांचं पोट, त्यांची वाळू. बाबा अवघड आहेतच. पण त्यांनी आजच्या दिवसात निदान एक निवड केली, उशिरा का होईना, चुकीच्या वेळी का होईना, आणि तिच्यासाठी सगळ्यांना गाडीत कोंबून परत आणलं. माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाने तेवढंही केलं नाही. त्याने सगळ्या किनाऱ्यांना मान डोलवली.

मी फोन काढला.

“काय करतेयस?” नवरा म्हणाला.

“व्यवस्थापक बाईंना कळवतेय.”

“आत्ता? उद्या दुपारपर्यंत वेळ आहे ना?”

“आहे.”

“मग? आपण बोलू या की आधी. रात्री निवांत—”

मी लिहिलं, ‘मी येते.’ आधी ‘आम्ही’ आलं होतं, बोटाच्या सवयीने. ते काढलं. पाठवलं. किनाऱ्यावर रेंज कमी होती. फिरणारं चक्र बराच वेळ फिरत राहिलं आणि आम्ही चौघंही त्याच्याकडे बघत राहिलो, आईसुद्धा, चष्मा कपाळावरून खाली घेऊन.

“गेलं का?” त्यांनी विचारलं.

“जातंय.”

“वर धर जरा हात.”

मी हात वर धरला. गेलं.

परत, गाडीत

“मला विचारलंही नाहीस.”

“सकाळपासून काय करत होते?”

“ते बाबांना सांगायचं होतं. मला विचारणं वेगळं.”

“तू महिनाभर ‘आपण जाऊ’ म्हणालास. ‘आपण’ म्हणजे कोण मग? ड्रायव्हर?”

“माझं नाव कशाला, ताई,” ड्रायव्हर म्हणाला.

“तुम्ही पुढे बघून चालवा.”

“हळू चालवा,” बाबा म्हणाले. “आणि मागे बघू नका. ह्यांचं होऊ द्या.”

“बाबा, तुमच्यासमोर नको.”

“मग कोणासमोर? मी सकाळपासून तुमच्यासमोरच आहे. बोल.”

खिडकीबाहेर नारळाची झाडं, एक बंद पेट्रोलपंप, परत झाडं. आईंनी पर्समधून रुमाल काढला आणि माझ्या ओल्या पायांवर टाकला, सीट खराब होऊ नये म्हणून.

“बोल ना,” मी म्हणाले. “काही पण बोल. शहाळं सोडून.”

“तू हसतेयस.”

“मी हसत नाहीये. मी तुला धरून बदडणार आहे.”

“बरं.” त्याने चटई पायाशी टाकली. पहिल्यांदाच दिवसभरात त्याचे दोन्ही हात रिकामे दिसले. “मला काउंटर येतं. दुसरं काही येत नाही. सोळाव्या वर्षापासून तेच केलंय. तिथे तुला सगळे ओळखतील. पडदेवाल्या बाई म्हणतील. आणि मी? मी तिथे काय करू? सकाळी तू गेल्यावर मी त्या घरात काय करू?”

ड्रायव्हरने गाडी आणखी हळू केली.

महिनाभर मी ह्या माणसाच्या तोंडून एक वाक्य काढायला बघत होते. हे ते नव्हतं. पण हे खरं होतं.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले.

“बघ.”

“बघ काय बघ? हे पहिल्या दिवशी विचारलं असतंस तर महिनाभर दोघांनी मिळून डोकं चालवलं असतं! मला राग त्याचा येतोय. तू येत नाहीस ह्याचा नाही. म्हणजे त्याचाही येतोय. पण तो वेगळा.”

“किती प्रकारचे राग आहेत तुझ्याकडे?”

“बरेच आहेत.”

“मी येत नाही असं नाही म्हणालो मी.”

“परत तेच!”

“नाही, ऐक. ऐक तर. मी म्हणतोय की मला भीती वाटते. भीती वाटते म्हणजे नाही असं नसतं ना?”

“अरे, मोठ्याने बोल जरा,” पुढून बाबा म्हणाले. “इंजिनामुळे ऐकू येत नाही.”

“भीती वाटते मला, बाबा!” तो ओरडला.

“आता आलं,” बाबा म्हणाले. “पुढे?”